वेगमर्यादा आणि भीड

कायद्यापुढें सर्व माणसें सारखीं, हें तत्त्व मी गेलीं तीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें. तें शिकवितांना माझा आवाज कधीं अडखळला नाहीं. परंतु गेल्या माघ महिन्यांत एका सकाळीं या तत्त्वाचा अनुभव स्वतः घेण्याची वेळ माझ्यावर आली, तेव्हां मीं तो मोठ्या खुषीनें टाळला; आणि ज्याच्या कृपेनें तो टळला, त्याचे आभारहि मानले. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मागें लागला आहे. तो केवळ माझा एकट्याचा असता तर वाचकांस त्याचा त्रास दिला नसता.

आमच्या विट्यास निरनिराळ्या दिशांनीं रस्ते येऊन मिळतात. गुहागरहून निघून चिपळूण, कराड करीत विजापुराकडे जाणारा राजमार्ग येथूनच जातो. दहिवडी-मायणीकडून येणारा रस्ता येथून तासगांव-सांगलीकडे उतरतो. यांपैकीं कोणत्या रस्त्यावर ही गोष्ट घडली तें मी सांगत नाहीं. सांगितल्यास एका भल्या तरुणाच्या नोकरीस माझ्या निबंधापायीं धक्का लागावयाचा. त्या दिवशीं शेजारच्या एका गांवीं माझें व्याख्यान होतें. निघावयास उशीर झाला होता, आणि त्या उशिराचा दोष दुसऱ्या कोणाकडे नव्हता. चहा पीत वर्तमानपत्र वाचण्यांत वीस मिनिटें गेलीं होतीं. तीं वीस मिनिटें रस्त्याकडून वसूल करावीं अशा हिशेबानें मी गाडी हांकीत होतों. समोरून येणाऱ्या एका मालमोटारीनें दिवे दोनदां उघडमीट केले. या संकेताचा अर्थ आमच्याकडे शाळेंतल्या पोरांनाहि ठाऊक आहे: पुढें पोलीस आहेत. मीं पाय उचलला, पण उशिरानें. वळणापलीकडे बाभळीच्या सावलींत पोलिसांची गाडी उभी होती, आणि एका तरुण शिपायाच्या हातांतील यंत्राचें तोंड माझ्याकडे वळलेलें होतें.

माझ्या आधीं एक टेंपो अडविला होता. त्यांत डाळिंबांचे क्रेट रचलेले होते; आटपाडीकडचा माल असावा. त्याचा चालक हातांत परवाना धरून उभा होता आणि हवालदार त्याचा आंकडा मोठ्यानें वाचून दाखवीत होता: एकाहत्तर. तरुण शिपाई माझ्या खिडकीशीं आला, वांकला, आणि त्याचा चेहराच पालटला. “सर, तुमी व्हय! जावा सर, जावा. सावकाश जावा.” कांहीं वर्षांपूर्वीं तो माझ्या वर्गांत मागच्या बाकावर बसत असे. त्याच्या हातांतील यंत्रावरचा माझा आंकडा मला स्पष्ट दिसत होता: ब्याऐंशी. मीं त्याची खुशाली विचारली, आभार मानले आणि गाडी चालू केली. निघतांना त्या टेंपोवाल्याशीं माझी दृष्टादृष्ट झाली. त्याच्या नजरेंत राग नव्हता. राग असता तर मला बरें वाटलें असतें. जग असेंच चालतें हें त्यास माझ्याहून पुष्कळ आधीं कळलेलें होतें, एवढेंच त्या नजरेंत होतें.

कायदा काय म्हणतो तें आधीं पाहूं. 2018 च्या एप्रिलमध्यें केंद्र सरकारनें ठरविलेल्या कमाल मर्यादेप्रमाणें आमच्यासारख्या साध्या रस्त्यावर लहान मोटारीस तासाला 70 किलोमीटर आणि मालवाहू गाडीस 60 किलोमीटर इतकी मोकळीक आहे. राज्य सरकारास ती याहून कमी करतां येते, वाढवितां येत नाहीं. मर्यादा मोडणाऱ्या हलक्या वाहनास 1988 च्या मोटार वाहन कायद्यानें, 2019 च्या दुरुस्तीनंतर, 1000 ते 2000 रुपये दंड सांगितला आहे. म्हणजे तो टेंपो आपल्या मर्यादेपुढें अकरा गेला होता आणि मी माझ्या मर्यादेपुढें बारा. जो सावकाश चालला होता त्यास दंड झाला, आणि जो वेगानें चालला होता त्यास सावकाश जाण्याचा प्रेमळ उपदेश मिळाला.

घरीं आल्यावर मनुष्याचें मन आपल्या बाजूनें वकिली करूं लागतें. माझ्याहि मनानें ती केली. त्याचा पहिला मुद्दा असा कीं, पोलिसांनीं झाडाआड लपून माणसें धरणें हेंच मुळीं अशोभनीय आहे. चोरानें लपावें, राजदंडानें उघड उभें राहावें. हा मुद्दा वाटतो तितका हलका नाहीं. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्यें ग्लॉकन एका मेंढपाळाची कथा सांगतो. जायजीजच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या कथेंत मेंढपाळास एक अंगठी सांपडते. तिचें खडें आंत फिरविलें कीं तो अदृश्य होतो, आणि अदृश्य होतांच त्याची नीति संपते. ग्लॉकनचा प्रश्न असा कीं, कोणी पाहत नसतांना न्यायानें वागणारा मनुष्य आहे काय? रस्त्यावर ही कथा उलटी झाली आहे. येथें अंगठी पोलिसाच्या बोटांत आहे, आणि तो कोठें तरी असेल या भीतीनेंच आपण न्यायी होतों. अशा न्यायीपणाची किंमत फार नाहीं हें खरें. परंतु ती कमी असल्याचा दोष अंगठी घालणाऱ्याकडे जातो कीं तिच्या धाकाशिवाय नीट न चालणाऱ्याकडे?

शिवाय लपणें आणि फसविणें या एक गोष्टी नव्हेत. कांटनें 1795 च्या चिरशांतीवरील निबंधांत एक साधी कसोटी दिली आहे: ज्या वागणुकीचें तत्त्व उघडपणें जाहीर केल्याबरोबर ती वागणूक अशक्य होते, ती वागणूक अन्यायाची समजावी. ही कसोटी लावून पाहा. ‘या रस्त्यावर कोठें ना कोठें वेग मोजला जाईल’ असें पोलिसांस उघड सांगतां येतें, आणि सांगितल्यानें त्यांचें काम बिघडत नाहीं, उलट सुधारतें. आमच्या कायद्यानेंहि हीच दिशा धरली आहे. 2021 मध्यें केंद्रीय नियमांत जी भर पडली, तींत वेग टिपणाऱ्या यंत्रांना दरवर्षीं मंजुरीचें प्रमाणपत्र असावें आणि ज्या भागांत तीं लावलीं असतील त्याच्या आधीं ठळक इशारा असावा असें सांगितलें आहे. तेव्हां पोलीस बाभळीआड उभा होता हें माझें गाऱ्हाणें फारसें टिकत नाहीं. मर्यादेचा फलकच बाभळीआड गेला असता, किंवा पन्नासाचा फलक कोणी न वाचेल अशा जागीं लावून त्याच्या पन्नास पावलांपुढें यंत्र उभें केलें असतें, तर गोष्ट वेगळी. तशीं ठिकाणें असतात, आणि तेथें दंड भरणाऱ्यास आपण लुबाडले गेलों असें वाटलें तर मी त्यास दोष देणार नाहीं. नियम लपवून माणूस धरणें हा सापळा होय. नियम उघड ठेवून माणूस धरणें हा पहारा होय. माझ्या रस्त्यावर फलक होता. तो मीं शेकडों वेळां वाचला आहे.

दुसरा मुद्दा त्या उघडमीट होणाऱ्या दिव्यांचा. हा संकेत आपल्याकडचाच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांत 1903 च्या कायद्यानें मोटारींस ताशीं वीस मैलांची मर्यादा घातली आणि पोलीस झुडपांआड घड्याळें घेऊन बसूं लागले. तेव्हां 1905 मध्यें मोटारवाल्यांनीं एक संस्था काढली, आणि पोलीस कोठें बसले आहेत तें सांगण्यासाठीं रस्त्यारस्त्यावर सायकलस्वार नेमले. पुढें तेथील न्यायालयानें ठरविलें कीं, मर्यादा मोडून येणाऱ्यास असा इशारा देणें म्हणजे पोलिसांच्या कामांत अडथळा आणणें होय. मोटारवाल्यांची संस्था ती! तिनें युक्ति काढली. सभासदाची गाडी दिसतांच सायकलस्वारानें सलाम करावयाचा. सलाम झाला नाहीं तर सभासदानें काय तें समजून घ्यावयाचें. न केलेल्या सलामाबद्दल कोण कोणास शिक्षा करणार?

हंसूं येतें खरें. पण त्या सलामांत आणि आमच्या मालमोटारीच्या दिव्यांत एक खरीखुरी माणुसकी आहे. ज्याचें तोंडहि नीट दिसलें नाहीं अशा वाटसरूस दंडांतून वांचवावें, ही भावना वाईट कशी म्हणावी? मींहि ते दिवे पुष्कळदां दाखविले आहेत, आणि दाखविल्यावर मनास थोडें बरेंहि वाटलें आहे. परंतु ही माणुसकी कोणासाठीं खर्च झाली, हें मीं कधीं विचारलें नव्हतें. समोरून येणाऱ्या गाडींत कोण आहे तें मला ठाऊक नसतें. तो उशीर झालेला प्राध्यापक असेल किंवा रात्रभर पिऊन निघालेला कोणी असेल. रस्त्याच्या कडेनें दप्तर घेऊन चाललेली मुलगी मात्र मला दिसलेली असते. दिवे तिच्यासाठीं कोणी दाखवीत नाहीं. पुढें शाळा सुटली आहे, पुढें उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर दिव्यांवांचून चालला आहे, असें सांगण्यासाठीं दिवे उघडमीट झालेले माझ्या पाहण्यांत फार थोडे. आम्ही एकमेकांस पोलिसांपासून सांभाळतों. एकमेकांपासून कोणी कोणास सांभाळीत नाहीं.

तिसरा मुद्दा सर्वांच्या तोंडीं असतो: ‘दहा-बारा इकडेतिकडे म्हणजे कांहीं विशेष नव्हे.’ त्याचें उत्तर गणितानें द्यावें लागतें. एकदम दाबलेला ब्रेक चांगला लागला आणि मनुष्यास धोका उमगून पाय हालण्यास एक सेकंद लागला असें धरलें, तर पन्नासाच्या वेगानें येणारी गाडी सुमारें अठ्ठावीस मीटरांत उभी राहते. साठाच्या वेगानें येणारी गाडी त्याच जागीं, जेथें पहिली उभी राहिली तेथें, अजून सुमारें चाळीसाच्या वेगानें पुढें जात असते. आरंभींचा भेद दहाचा. शेवटचा भेद थांबलेल्या गाडीचा आणि माणसास उडवूं शकणाऱ्या गाडीचा. आणि या दहांत मिळतें काय? विट्याहून कराड सुमारें चाळीस किलोमीटर. सारा रस्ता मोकळा मिळाला असें धरलें तरी सत्तराऐवजीं ऐंशीनें गेल्यास चार-साडेचार मिनिटें वांचतात. 2022 सालीं या देशांत 1,68,491 माणसें रस्त्यांवर मेलीं, आणि सरकारी नोंदीप्रमाणें त्यांतील शंभरांमागें सुमारें एकाहत्तर मृत्यूंचें कारण अतिवेग होतें. पंचनाम्यांत अतिवेगाचा रकाना भरणें सोपें असतें, हें मान्य करून त्यांतून कांहीं वजा करा. उरेल तेंहि थोडें नाहीं.

आमच्या तालुक्यास हा ‘इकडेतिकडे’चा युक्तिवाद विशेषच अशोभनीय आहे. खानापूर-आटपाडी भागांतील कुटुंबेंच्या कुटुंबें सोनेंचांदी आटविण्याच्या गलाईच्या धंद्यानिमित्त केरळापासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पसरलेलीं आहेत. ज्यांनीं परमुलुखांत जाऊन सचोटीवर दुकानें उभारलीं, त्यांस टंच म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. हजारांत 916 भाग सोनें सांगितलें असतां ‘नऊशें झालें, चालायचेंच’ असें म्हणणाऱ्याच्या दुकानाची पायरी दुसऱ्या दिवशीं कोणी चढणार नाहीं. मुशींतून निघालेल्या रतीरतीचा हिशेब देणारीं आम्हीं माणसें रस्त्यावर येतांच हिशेबाला कां कंटाळतों?

येथें एक भेद मात्र केला पाहिजे. तराजूहि चुकतो, यंत्रहि चुकतें. म्हणूनच कोणा एका साक्षीदाराच्या डोळ्यांस गाडी वेगांत वाटली एवढ्यावरून आमचा कायदा कोणास दोषी ठरवीत नाहीं. त्या अंदाजास यंत्राचा आधार लागतो. आणि 2025 मध्यें वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांची तपासणी वजनमापांच्या कायद्याखालीं आणण्यांत आली. म्हणजे सोनाराच्या कांट्याचा आणि शिपायाच्या यंत्राचा परीक्षक आतां एकच. तेव्हां यंत्राच्या संभाव्य चुकीसाठीं दोन-चार आंकड्यांची सूट सर्वांसच दिली, तर तो न्यायाचाच भाग होय. सूट यंत्राच्या चुकीस द्यावी. माणसाच्या ओळखीस देऊं नये. मला मिळालेली सूट पहिल्या जातीची नव्हती.

मग कायदा अगदीं निष्ठुरपणें चालवावा काय? कोणी तसेंहि म्हणेल. मी म्हणत नाहीं. बेक्कारिया या इटालियन विचारवंतानें 1764 मध्येंच सांगून ठेवलें आहे कीं, गुन्ह्यास आळा बसतो तो शिक्षा भयंकर असल्यानें नव्हे, तर ती चुकणार नाहीं या खात्रीनें. शंभरांतून एकास धरून त्याचें कंबरडें मोडण्यापेक्षां नव्वदांना धरून थोडी चिमटी घेणें बरें. आणि सारखा दंड हा नेहमींच सारखा असतो असेंहि नाहीं. दोन हजार रुपये मला एका दिवसाच्या पगारापेक्षां कमी. त्या टेंपोवाल्यास ती कदाचित् तीन-चार दिवसांची मजुरी. फिनलंडांत जास्त वेगाचा दंड माणसाच्या उत्पन्नाच्या मानानें घेतात, तो याच विचारानें. आणखी एक गोष्ट. डाळिंबें अमुक वाजतां बाजारांत पोंचलींच पाहिजेत असें त्या चालकास कोणीं सांगितलें होतें? आमच्याच कायद्यांत लिहिलेलें आहे कीं, जो मालक नोकराकडून मर्यादा मोडवितो तोहि दंडास पात्र आहे, आणि मर्यादा पाळून जें वेळापत्रक पुरें होऊं शकत नाहीं तें वेळापत्रकच त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनीं पुरावा समजावा. मोठें शहाणें कलम! पण बाभळीखालीं अडविलें जातें तें टेंपोवाल्यास; वेळ ठरविणारा त्या वेळीं अडतींत बसलेला असतो. कायद्यांत दया असावी, पण ती कायदा करतांना असावी: दंडाच्या मापांत, मर्यादेच्या शहाणपणांत, फलकाच्या स्पष्टपणांत. ती खिडकीशीं वांकून चेहरा पाहिल्यावर उत्पन्न होऊं लागली, म्हणजे तिचें नांव बदलतें.

येथवर मी मोठ्या समाधानानें येऊन पोंचलों होतों. पाडव्याच्या दिवशीं तो तरुण घरीं आला; दरवर्षीं येतो. पत्नीनें श्रीखंडाची वाटी त्याच्यापुढें ठेवली. मीं विषय काढला.

“अरे, त्या दिवशीं तूं मला सोडावयास नको होतेंस.”

तो हंसला. “सर, तुमीबी मला एकदा सोडलं हुतं की. माजी हजेरी भरत न्हवती, तरी फारम घेतलासा. त्यो घेतला नसतासा तर मी आज यंत्रमागावरच असतो.”

मला आठवलें. तो रात्रपाळीस मागावर काम करीत असे आणि सकाळच्या तासांस त्याची गैरहजेरी पडे. मीं नियम वांकविला होता. क्षणभर मला उत्तर सुचलें नाहीं. ज्या गोष्टीबद्दल मी त्यास दोष देत होतों, तीच गोष्ट मीं त्यास शिकविली होती काय?

तो गेल्यावर पुष्कळ वेळ विचार केला. कांटची तीच कसोटी पुन्हां कामास आली. त्या मुलास सूट कां दिली, हें मी दुसऱ्या दिवशीं भरवर्गांत सांगूं शकलों असतों: हा रात्रीं मागावर उभा राहतो, दुसरा कोणी राहत असेल तर त्यानेंहि यावें. मला सूट कां मिळाली, हें मात्र त्या शिपायास टेंपोवाल्यादेखत मोठ्यानें सांगतां आलें नसतें. ‘हे माझे सर आहेत’ हें कारण खरें असलें तरी तें खालच्या आवाजांतलें कारण आहे. दया ती, जिचें कारण चारचौघांत बोलतां येतें. भीड ती, जिचें कारण कानांत सांगावें लागतें. दयेचा लाभ तशाच स्थितींतल्या दुसऱ्यासहि मिळूं शकतो. भिडेचा लाभ ओळखीबाहेर जात नाहीं, आणि त्याची भरपाई नेहमीं कोणा तरी अनोळखी माणसाकडून होते. त्या दिवशीं तो माणूस टेंपोजवळ उभा होता.

हा भेद मला पटतो. तरीहि एक शल्य राहतें. ‘दुसरा कोणी असेल तर त्यानेंहि यावें’ असें मी भरवर्गांत सांगूं शकलों असतों. परंतु सांगितलें नव्हतें. त्या वर्षीं हजेरी न भरल्यानें परीक्षेस मुकलेलीं आणखी कांहीं मुलें होतीं. त्यांच्या रात्रींची चौकशी मीं केली नव्हती. तीं मागच्या बाकावरून माझ्या नजरेस पडलीं नव्हतीं, एवढाच त्यांचा अपराध. तेव्हां ज्यास मी दया म्हणतों तींत भिडेची किती भेसळ होती, याचा टंच आतां काढावयाचा तरी कसा?

त्या पाडव्यास निरोप घेतांना तो दारांत थांबला होता आणि म्हणाला होता, “सर, एक बोलू का? दिवं दावल्यालं माणूस पुढच्या वळणापातूर ध्येनात ठेवतंय. पावती महिनाभर ध्येनात ऱ्हाती.”

“मग पुढच्या वेळीं माझी फाड.”

“फाडतो की,” तो म्हणाला. पण म्हणतांना त्यानें खालीं पाहिलें, आणि तो फाडणार नाहीं हें आम्हां दोघांसहि कळलें. गुरूच्या हातीं पावती ठेवणें त्यास जमणार नाहीं. तें त्याच्या संस्कारांत नाहीं, आणि ते संस्कार घडविण्यांत माझाहि हात आहे. तेव्हां उपाय एकच उरतो, आणि तो माझ्याकडे आहे: त्याच्यावर ती वेळच येऊं न देणें. आतां व्याख्यानाच्या दिवशीं मी वर्तमानपत्र सायंकाळीं वाचतों. त्या बाभळीजवळून जातांना कांटा सत्तराच्या आंत असतो. तेथें कधीं पोलीस असतात, बहुधा नसतात. समोरच्या गाडीस दिवे दाखविण्याची खोड मात्र हातास अजून आहे. तो खटक्याकडे जातो, आणि मी तो मागें घेतों.